गाडीखाली रेल मारताना गाडी कशावर उभी करायची

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आजोबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी आहे, गंजलेला फ्लोअर बदलून झालाय, मागचं उजवं दार वरच्या कोपऱ्यात घासतंय, आणि आता खालून पुढच्या रेलपासून मागच्या पाट्याच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) हँगरपर्यंत दोन्ही बाजूंनी बॉक्स पाईप वेल्ड करून बॉडी टाईट करायची आहे, यालाच मी पुढं रेल मारणं म्हणतोय. वेल्डर म्हणतो गाडी जुन्या टायरवर कुशीवर पाडू, दोन तासांत काम होतं. गॅरेजवाला म्हणतो चार घोड्या, म्हणजे आधाराचे लोखंडी स्टँड, मधोमध लावून उचलू. तुम्ही विचारताय दोघांतलं कुणाचं ऐकू.

दोघांचंही ऐकू नका. मी कोल्हापुरात २७ वर्षं फॅब्रिकेशन आणि जुन्या गाड्यांचं बॉडीकाम करतोय, आणि या कामात वेल्डिंग चांगलं असूनही बिघडलेल्या जेवढ्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यातल्या बहुतेक उभी करतानाच बिघडलेल्या होत्या. वेल्डिंगचा टाका मारताना बॉडी ज्या आकारात असते तोच आकार ती रेल पुढं आयुष्यभर धरून ठेवते. सरळ असेल तर सरळ, पिळलेली असेल तर पिळलेली. म्हणून पाईप कुठला घ्यायचा हा प्रश्न नंतरचा, गाडी कशावर आणि कशी उभी आहे हा पहिला.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, नाही हे आधी डोक्यात पक्कं करा, बरेच जण इथंच चुकतात. जुनी गाडी, मागं पाटे, मागच्या चाकांना ड्राईव्ह, म्हणून लोकांना वाटतं खाली चॅसी असणार. तसं नाहीये. पत्र्याचा फ्लोअर, दाराखालची पट्टी, छत, खांब हे सगळं मिळून वजन उचलतात. गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २३४० मिलिमीटर, पुढं इंजिन आणि मागं डिकी. चाकांवर उभी असताना ही बॉडी दोन भिंतींवर टाकलेल्या फळीसारखी मधे किंचित खाली झुकते. आता तीच गाडी मधोमध घोड्या लावून उचलली की उलटं होतं, पुढून इंजिन खाली ओढतं, मागून डिकी आणि लोंबणारा अ‍ॅक्सल खाली ओढतो आणि मधला भाग वर येतो. दाराची चौकट वरच्या बाजूला उघडते. आणि इथं फसायला होतं, कारण तुमचं जे दार वरच्या कोपऱ्यात घासतंय ते घोड्यांवर अगदी छान लागतं, सगळ्यांना वाटतं दुरुस्त झालं, त्यावर टाके मारले जातात आणि खाली उतरवल्यावर ९०० किलो वजन एकदम त्या नव्या टाक्यांवर येतं. किती वाकवून किती सोडलं याचा काही हिशोबच राहत नाही. झुकलेली बॉडी उचलून सरळ करता येते, ते मी खाली सांगतो, पण ते मोजून करायचं काम आहे.

वाकण्यापेक्षा वाईट पीळ. एक घोडी बाकीच्या तिघींपेक्षा ५-६ मिलिमीटर खाली असली तर गाडी आधी लंगड्या चौरंगासारखी तीन पायांवर बसते, मग तासाभरात वजनानं चौथा कोपराही खाली येऊन टेकतो आणि आपल्याला वाटतं चला बसली नीट. बसली नाही, पिळली. माझ्याकडून सुरुवातीच्या वर्षांत हे झालंय. गॅरेजमधे शहाबादी फरशी होती, एका ठिकाणी खालून पोकळ, पुढची उजवी घोडी नेमकी तिथं आली आणि फरशी बसली. मला दिसलंच नाही. दोन दिवस मन लावून वेल्डिंग केलं, उतरवली, डावीकडची दोन्ही दारं बोटानं ढकलली तरी लागत होती आणि उजवं मागचं दार लॉकच पकडेना. सगळं ग्राइंडरनं कापून परत केलं, गिऱ्हाईकाचे चार आठवडे गेले, आणि नव्या फ्लोअरला जिथं जिथं कापलं तिथं परत पॅच आले. त्यांच्या वडिलांची गाडी होती ती. तेव्हापासून फरशी वाजवून बघितल्याशिवाय मी गाडी उचलत नाही.

आता कुशीवर पाडण्याबद्दल. आपल्याकडं डेंटर लोक हलक्या गाड्या टायरवर आडव्या करतात, खालून पत्रा मारायला हाताला सोपं पडतं हे खरं आहे, वर तोंड करून वेल्डिंग करावं लागत नाही. इंजिन, टाकी, बॅटरी सगळं काढलेलं रिकामं खोकं असेल आणि फक्त हातभर पॅच मारायचा असेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण रेल मारताना नको. सगळं वजन एका बाजूच्या खांबांवर आणि छताच्या कडेवर येतं, इंजिन माउंटिंगवर आडवं लटकतं, चौकट कुठल्या आकारात आहे ते मोजायची सोयच राहत नाही कारण एका बाजूची दारं तर जमिनीकडं असतात. शिवाय कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल, बॅटरीतलं पाणी, गिअरबॉक्सचं ऑईल सांडणार आणि तिथंच ठिणग्या. दोन तासांत काम होतं हे खरं, पण नको.

मग कसं करायचं? गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या स्प्रिंगांवर उभी पाहिजे, रस्त्यावर असते तशी. फक्त उंच. जवळपास चार खांबांची लिफ्ट असेल, ज्यावर गाडी चढवून चाकांसकट उचलतात, तर दोन दिवस भाड्यानं घ्या, त्यासारखं काही नाही. दोन खांबांची लिफ्ट या कामाला चालत नाही, ती गाडीला मधेच पकडते म्हणजे परत तीच मधोमध घोड्यांची गोष्ट. वॉशिंग सेंटरचा सिमेंटचा रॅम्प काही जण वापरतात, गाडी चाकांवर राहते ते चांगलं, पण तिथं ओल असते आणि ओल्या सिमेंटवर वेल्डिंगची केबल घेऊन झोपणं धोक्याचं, त्यामुळं दोन दिवस पाणी बंद ठेवून पूर्ण कोरडा मिळत असेल तरच.

गॅरेजचा खड्डा सगळ्यांना सोपा वाटतो. गाडी चाकांवर, आपण खाली उभे, मान अवघडत नाही. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात उतरून बसते आणि दिसत नाही. शिवाय सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसचं) वेल्डिंग करणार असाल तर तो गॅससुद्धा हवेपेक्षा जड, तोही खड्ड्यात साठतो, माणसाला आधी डोकं जड वाटतं आणि मग बाहेर यायची ताकदच राहत नाही. मी खड्ड्यात वेल्डिंग करत नाही, माझ्या पोरांना करू देत नाही. खड्डा मापं घ्यायला वापरा, वेल्डिंगला नाही.

राहिला घरगुती उपाय, आणि बऱ्याच गाड्या मी असल्याच पद्धतीनं केल्यात. चारही चाकांखाली लाकडाचे ठोकळे. वखारीतून बाभळीचे किंवा साल लाकडाचे चार इंच बाय चार इंचाचे दीड-दोन फुटी तुकडे कापून आणा, दोन असे दोन तसे आडवे-उभे रचत जा, प्रत्येक थर खालच्याला काटकोनात. वरचा थर सलग फळ्यांचा, टायरच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडं मोठा, आणि टायरच्या पुढं-मागं लाकडी पट्टी ठोकून उटी, म्हणजे चाक सरकू नये म्हणूनची अडण, पक्की करा. दीड फुटाच्या वर जाऊ नका, त्याच्यापेक्षा जास्त उंची घरी नकोच. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात वापरू नका. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, दबतं, काहीतरी सांगतं. वीट काही न सांगता एकदम फुटते, आणि तुम्ही तेव्हा खाली असता.

चढवायचं ते जॅकनं एक-एक टोक, एकेक थर. मागचं टोक हौसिंगखाली (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधला गोल डबा) जॅक लावून, पुढचं पुढच्या क्रॉसमेंबरखाली (पुढचा आडवा जाड पट्टा), आणि जे टोक जमिनीवर आहे त्याच्या चाकांना दोन्हीकडून उटी. हॅण्डब्रेक ओढाच, पण त्याच्यावर विसंबू नका. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, ठोकळा सरकवायचा तर तो काठीनं ढकला. ठोकळे मिळत नसतील आणि घोड्याच वापरायच्या असतील तर मागं अ‍ॅक्सलच्या नळीखाली, पाट्याच्या जितक्या जवळ जाईल तितक्या जवळ, आणि पुढं लोअर आर्मखाली (चाक धरणारा खालचा दांडा) चाकाच्या बाजूला स्प्रिंगच्या जवळ. म्हणजे वजन स्प्रिंगमधून बॉडीत जातं आणि बॉडीला वाटतं आपण रस्त्यावरच आहोत. लोअर आर्म तिरका असतो, घोडीचं डोकं तिथून घसरू शकतं, म्हणून मला पुढं ठोकळेच बरे वाटतात. आणि लोखंडावर लोखंड कधीच नको, मधे जाड रबराचा तुकडा टाका.

खालच्या जमिनीबद्दल एवढं सांगतो की डांबर उन्हात मऊ होतं आणि घोडीचे पाय आत घुसतात, पेव्हर ब्लॉक एकेकटे खचतात, शहाबादीचं तर वर सांगितलं. प्रत्येक ठिकाणी खाली जाड प्लायवूडचा दीड-दोन फुटी तुकडा टाका. काळ्या मातीवर काही टाकलं तरी करू नका, एक पाऊस पडला की सगळी मापं गेली.

आता लेव्हल. सोसायटीच्या पार्किंगला पाणी जायला उतार दिलेला असतो, शंभराला एक जरी असला तरी तुमच्या २३४० च्या अंतरात २३ मिलिमीटर फरक येतो. पुढं-मागं उतार असेल तर तेवढं बिघडत नाही, सगळी गाडी एका पातळीत तिरकी असते, पण चार कोपऱ्यांपैकी एकच खाली असेल तर पीळ. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब आणा, एक पारदर्शक नळी आणि पाणी, यापेक्षा खरं बोलणारं अवजार मी बघितलेलं नाही. चारही चाकांच्या टेकण्याच्या जागा एकमेकांशी तपासा आणि २ मिलिमीटरच्या आत आणा, खाली पत्र्याचे तुकडे सरकवून. घोड्यांवर असाल तर प्रत्येक घोडीच्या डोक्यावर आधीच कागदाची पट्टी ठेवून द्या, गाडी बसल्यावर ती ओढून बघा. एखादी सहज निघाली तर ती घोडी वजन घेत नाहीये.

चढवली की लगेच मोजू नका. पुढच्या चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर असतं, गाडी खाली सोडताना चाकं बाहेर फाकतात पण टायर फळीला धरून बसतो, त्यामुळं पुढचं तोंड एक-दोन सेंटीमीटर उंचच राहतं. म्हणून पुढच्या टायरखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे दोन-दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, पट्ट्या ठोकलेल्या असल्यानं चाक कुठं जात नाही पण बाजूला फाकायला मोकळं राहतं. मग बंपरवर जोर देऊन पुढून-मागून पाच-सहा वेळा दाबा-सोडा, गाडी तिच्या जागी बसते. जोर जपून द्या, आणि तेव्हा खाली कुणी नको.

गाडीत वजन किती ठेवायचं हेही बघा. इंजिन-गिअरबॉक्स आतच राहू द्या. सीट, मॅटिंग आगीसाठी काढावंच लागतं, पेट्रोलची टाकी तर काढायचीच, नुसती रिकामी करून चालत नाही, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्यापेक्षा वाईट. मग जेवढं काढलं तेवढं वजन परत ठेवा. २० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण १५ किलो. मी लोखंडी वजनं ठेवतो, प्लास्टिकच्या पोत्यात वाळू ठेवली तर खालून टाके मारताना पोतं जळतं. तुमच्या गाडीला सीएनजीची किट असेल तर सिलेंडर किट बसवणाऱ्या अधिकृत माणसाकडून उतरवून घ्या, त्याला घरी कुणी हात लावू नये.

दारं चारही जागेवर पाहिजेत आणि बंद. तुमचा वेल्डर म्हणेल दारं काढू, काम सोपं होतं, ऐकू नका, ती दारं हेच तुमचं मोजमाप आहे. फटी मोजायला ड्रिल बिटची मागची गोल बाजू वापरा, ४ चं जातं का, ५ चं जातं का, आणि प्रत्येक ठिकाणी मास्किंग टेप चिकटवून त्यावर पेन्सिलनं आकडा लिहा. वर, मधे, खाली, दाराच्या दोन्ही कडांना. खालून दोन तिरके कर्ण घ्या, पुढच्या लोअर आर्मच्या बोल्टपासून पलीकडच्या पाट्याच्या हँगरच्या बोल्टपर्यंत, थेट टेप लागत नसेल तर प्रत्येक बोल्टवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा आणि खुणांमधे मोजा. दोन कर्णांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मी वेल्डिंग सुरूच करत नाही, आधी कारण शोधतो. कधी जुना अपघात निघतो, कधी नवा फ्लोअर मारतानाच चूक झालेली असते. तुमचा फ्लोअर नुकताच बदललाय म्हणून हे खास सांगतोय.

तुमचं घासणारं दार आता. आधी बिजागऱ्या बघा, दार उघडून धरून वर-खाली हलवा, पिनला खेळ असेल तर तेच कारण असू शकतं आणि बॉडीला दोष देण्यात अर्थ नाही. बिजागरी घट्ट आहे, वरची फट कमी आणि खालची जास्त आहे, म्हणजे बॉडी मधे बसलीय. अशीच टाके मारले तर ती झुकलेलीच पक्की होईल. चाकं ठोकळ्यांवरच राहू द्या आणि दाराखालच्या पट्टीच्या मधे चार फुटी जाड फळी लावून तिच्याखाली स्क्रू जॅक लावा. हायड्रॉलिक नको, तो रात्रीतून हळूच उतरतो आणि सकाळी तुम्ही वेगळ्याच आकारावर काम करत असता. पाव-पाव फेरा द्या, प्रत्येक वेळी ड्रिल बिट लावून फट बघा, वरची-खालची सारखी आली की थांबा. गाडीचं वजन चाकांवरच असलं पाहिजे, टायर हलका वाटायला लागला म्हणजे तुम्ही जास्त उचललंय. एक रात्र तसंच ठेवा, सकाळी परत मोजा. पट्टी कुजलेली असेल तर जॅक तिच्यात घुसेल, मग आधी पट्टी बदलणं हे वेगळं काम, आणि ते करताना दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत तात्पुरता पाईप टाकून चौकट बांधून घ्यायची, एका वेळी एकच बाजू कापायची. कुजलेल्या पट्टीवर रेल मारून काही होत नाही.

वेल्डिंगबद्दल थोडंच सांगतो कारण प्रश्न उभी करण्याचा आहे, पण उष्णतेनंही आकार बदलतो. एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं की सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांब होतं, आणि थंड होताना ओढून घेतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंच्या रेल फक्त टाक्यांवर पकडा, चारही दारं उघडून-लावून बघा, फटी मोजा, आणि मगच इंचभराचे तुकडे मारत जा, एक डाव्या रेलला पुढं, एक उजव्या रेलला मागं, हात लावून कोमट लागेपर्यंत थांबत. पाणी मारून थंड करायचं नाही. पाईप काळा एमएसचा (साध्या लोखंडाचा) घ्या, ४० बाय ४० आणि १.६ किंवा २ मिलिमीटर जाडीचा पुरतो, जीआयचा (जस्त चढवलेला) नको, जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. पाईपचं तोंड थेट पातळ पत्र्यावर टेकवून वेल्ड करू नका, मधे २ मिलिमीटरची हातभर पट्टी टाका आणि तिचे कोपरे गोल करा, नाहीतर वर्षभरात पाईपच्या कडेनं पत्रा फाटतो. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ बॉडीलाच लावा, अ‍ॅक्सलला किंवा घोडीला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. बॅटरी पूर्ण काढा, ब्रेकचे पाईप आणि वायरिंग बाजूला बांधा, आतल्या फ्लोअरचा डांबरी लेप वेल्डच्या जागी खरवडून काढा, तो पेटतो. एक माणूस आत वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलेंडर घेऊन बसलेला पाहिजे, आणि शेवटच्या टाक्यानंतरही तासभर कुणीतरी तिथं थांबा.

कुणाकडं जिप्सी किंवा जुनी महिंद्रा जीप असेल तर त्यांना खरी चॅसी आहे, तिथं गोष्ट वेगळी. बॉडीचे माउंटिंग सैल करून चॅसीच्याच दोन लांब पट्ट्या स्प्रिंगांच्या हँगरजवळ टेकवायच्या आणि चॅसी लेव्हल ट्यूबनं पातळीत आणायची, दारांच्या फटीवरून तिथं काही कळत नाही.

पद्मिनीसाठी एवढं सगळं लिहिलं कारण आता या गाड्या फार उरल्या नाहीत. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला, चांगली बॉडी आता मिळत नाही. आजोबांची एक आहे ती एकच आहे.

उतरवताना चढवलं त्याच्या उलट, एकेक थर. स्क्रू जॅक सगळ्यात आधी काढायचा, पाव-पाव फेऱ्यानं, दोन्ही बाजूंचा आळीपाळीनं, आणि तेव्हा फटीकडं बघत राहायचं. मास्किंग टेप काढू नका. गाडी ४०-५० किलोमीटर फिरवून आणा, थोडा खराब रस्ता असेल तर बरंच, आणि सपाट जागेवर उभी करून त्याच टेपवर त्याच ड्रिल बिटनं परत मोजा. एखाद्या ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर खाली जाऊन प्रत्येक टाका तारेच्या ब्रशनं साफ करून बघा, कुठंतरी एक सुटलेला सापडेल. काम सुरू करायच्या आधीचे आकडे इथं टाका, दोन्ही कर्ण आणि चारही दारांचे, मी बघून सांगतो किती उचलावं लागेल.